आंबट बंद

सौंदडच्या बसथांब्यासमोर, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, एक काळा फलक आहे. पूर्वी त्यावर सुविचार असत. गोपीचंद गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, गावाच्या व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्ष झाले, आणि सुविचारांच्या जागी नावं आली. सुविचार वाचून कोणी सुधारत नाही, पण दुसऱ्याचं नाव वाचायला माणूस सायकलवरून उतरतो, हे गुरुजींचं बत्तीस वर्षांच्या नोकरीतलं निरीक्षण होतं.

समितीचे नियम तीन. गावात कोणी खर्रा खाणार नाही. ज्याची थुंकी लाल दिसेल त्याचं नाव महिनाभर फलकावर राहील. सबब ऐकली जाणार नाही.

सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला खर्रा या भागात चहाच्या आधी विचारला जातो, त्यामुळे पहिला नियम कोणी मनावर घेतला नाही. दुसऱ्याची मात्र धास्ती होती. आणि तिसरा नियम गुरुजींचा लाडका होता. शाळेत त्यांनी इतक्या सबबी ऐकल्या होत्या, की काही विद्यार्थ्यांची एकच आजी तीन-तीनदा वारली होती.

फलकावर पहिलं नाव लागलं शालीकरामचं. त्याचा पानठेला समितीने बंद करवला होता. त्याने तिथेच चहाची टपरी टाकली. चहा पुढून मिळे. मागून काय मिळे ते गिऱ्हाइकांच्या ओठांवर दिसे. नाव लागलं त्या दिवशी शालीकराम म्हणाला, "गुरुजी, दात दुखून राहिला होता, म्हनून लवंग चावली जी."

"सबब ऐकली जाणार नाही," गुरुजी म्हणाले, आणि समितीच्या सचिवाने, उदारामने, खडू उचलला.

उदाराम गुरुजींचा जुना विद्यार्थी. आता वय अठ्ठेचाळीस, सहा एकर धान, आणि चिखलात रोवणी करून करून कुरकुरणारे गुडघे. गुरुजी सांगतील ते तो ऐके. गुरुजींचेही गुडघे कुरकुरत, आणि तिथूनच पुढचं सगळं झालं.

श्रावणात गुरुजींचा उजवा गुडघा दुखायला लागला. त्रेसष्टाव्या वर्षी गुडघा दुखतो, यात बातमी काही नाही. पण गुरुजींनी त्यावर विचार केला. आंबट खाल्ल्याने सांधे धरतात, हे गावात सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी पाळत नाही. गुरुजींनी पाळलं. लिंबू बंद, चिंच बंद, दही बंद, टमाटर बंद, अंबाडीची भाजी बंद. गुडघा थांबेना, तेव्हा पथ्य अपुरं पडतंय असा निष्कर्ष निघाला. मग वातूळ म्हणून बटाटा, वांगं, कोबी गेले. थंड म्हणून पेरू, संत्रं, सीताफळ गेलं. उष्ण म्हणून हिरवी मिरची गेली. भाद्रपद संपता संपता ताटात मऊ भात, मुगाचं वरण आणि चव जाईपर्यंत शिजवलेला दोडका एवढंच उरलं.

दसऱ्यापर्यंत डावा गुडघाही धरला. मग पिंडऱ्या दुखू लागल्या, दोन पायऱ्या चढल्या की दम लागे, पायांवर न आपटता काळेनिळे डाग पडू लागले. गुरुजींनी दोडक्याचं पाणी फेकायला सांगितलं, कारण दोष पाण्यात उतरतो.

"तुमी आजारी नाई जी," त्यांची बायको कुंदाबाई म्हणाली, "तुमी उपाशी हाय. अंगनात आवळी लदलदून राहिली अन् तुमी दोडका चोखून राहिले. एक आवळा खा."

"आवळा आंबट असतो."

"मंग? मी रोज खातो. माझे गुडघे पाहा."

"तुला पथ्याचं महत्त्व कळायचं नाही," गुरुजी म्हणाले. कुंदाबाईने मिठात बुडवलेली फोड तोंडात टाकली आणि मोठ्याने चावली.

आपल्याला जे कळलं ते आपल्यापुरतं ठेवणं शिक्षकाला जमत नाही. गुरुजींनी सुवाच्य अक्षरात एक कागद लिहिला. वर 'सांधेदुखीवरील पथ्य', खाली बारा कलमं, पहिलं कलम 'आंबट बंद'. त्याच्या अकरा झेरॉक्स प्रती काढून गावातल्या अकरा दुखऱ्या माणसांना दिल्या. दहा जणांनी त्या देव्हाऱ्यात, खुंटीवर किंवा वीजबिलात ठेवल्या. उदारामने पथ्य पाळलं.

दिवाळीच्या सुमारास गुरुजींच्या हिरड्या सुजल्या. दात घासताना ब्रश लाल होऊ लागला. ते पहाटे, कुंदाबाई उठायच्या आत, न्हाणीत चूळ भरून घेऊ लागले आणि वर दोन तांबे पाणी ओतू लागले. रक्ताची त्यांना भीती वाटत नव्हती असं नाही. खर्ऱ्याने जबडा गेलेल्या माणसांची चित्रं त्यांनीच शाळेच्या भिंतीवर लावली होती, आणि आता आरशात पाहताना तीच आठवत. पण कॅन्सर झालाच तर तो पुढे केव्हातरी मारणार होता. लाल थुंकी कोणी पाहिली तर त्याच दिवशी मरण होतं.

कार्तिकात गुरुजींच्या अंगणात आवळी-भोजन असतं. आवळीच्या बुंध्याला चुना लावतात, पूजा होते, आणि चाळीस-पन्नास माणसं झाडाखाली जेवतात. यंदाही पुरी, वांग्याची भाजी, अंबाडीची भाजी, आवळ्याची चटणी असा बेत होता. यजमान त्याच झाडाखाली आपला मऊ भात घेऊन बसले, आणि आग्रह करणाऱ्यांना संयमाविषयी सांगत राहिले.

मऊ भात आधी संपला. गुरुजींनी सवयीने चूळ भरली आणि झाडाच्या मुळाशी टाकली. दुपारचे दोन वाजले होते, बुंधा पांढराशुभ्र होता, आणि त्यावरून लाल ओघळ हळूहळू खाली आला. आधी समोरच्या पंगतीतले हात थांबले, मग मागच्या.

"गुरुजी," शालीकराम पुरी खाली ठेवून म्हणाला, "चुना त झाडाले लागलाच हाय. सुपारी कोनती टाकली?"

"हिरड्यांतून रक्त येतं आहे," गुरुजी म्हणाले.

"दात दुखून राहिला असन," शालीकराम म्हणाला. "लवंग चावली असन."

हसू पंगतीच्या या टोकापासून त्या टोकाला गेलं. गुरुजींनी तोंड उघडलं, आणि सांगण्यासारखं जे काही होतं ते तिसऱ्या नियमात बसत होतं, हे लक्षात येऊन मिटलं.

"फलक मोकळाच हाय," शालीकराम म्हणाला. "सचिव कुठं हायत?"

उदाराम पाय पोटाशी घेऊन बसला होता. "शनवारी समितीची बैठक हाय," तो म्हणाला. "नाव लिवाचं त तवा लिवू. आठ दिवस कोनी मरत नाई."

"तुले खर्रा कोनं देल्ला, एवढा गोडीत बोलून राहिलास त?" शालीकरामने विचारलं. पण आठ दिवस मिळाले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गुरुजी गोंदियाला गेले. दवाखान्यात डॉक्टर हिमांशु नावाचा तरुण बसला होता. त्याने तोंडात बॅटरी मारली.

"खर्रा कितने साल से?"

"मी खर्रा खात नाही."

"गुटखा?"

"नाही."

"काकाजी, डॉक्टरपासून काय लपवायचं? थोडीफार तंबाखू?"

"मी व्यसनमुक्ती समितीचा अध्यक्ष आहे."

"अध्यक्ष भी खाते हैं," हिमांशु म्हणाला, पण त्याने हिरड्या पुन्हा पाहिल्या. खर्ऱ्याचे डाग दातांवर कुठेच नव्हते. मग त्याने धोतर वर घ्यायला सांगितलं. पायांवरचे काळेनिळे डाग पाहिले, केसांच्या मुळाशी रक्ताचे बारीक ठिपके पाहिले. खुर्ची पुढे ओढून त्याने विचारलं, "जेवता काय?"

हा प्रश्न कोणीतरी विचारावा याची गुरुजी चार महिने वाट पाहत होते. त्यांनी बाराही कलमं क्रमाने सांगितली. दोडक्याचं पाणी फेकतो, तेही सांगितलं.

हिमांशु ऐकत राहिला. मग म्हणाला, "काकाजी, कॅन्सरसारखं मला काही दिसत नाही. दोन आठवड्यांनी परत पाहीन. तुम्हाला स्कर्व्ही झाला आहे."

गुरुजींनी धोतर खाली घेतलं.

"व्हिटॅमिन सी नसलं की होतो. म्हणजे बघा, पूर्वीच्या काळी जहाजांवरचे लोक—"

"जीवनसत्त्व अ, रातांधळेपणा," गुरुजी म्हणाले. "ब, बेरीबेरी. क, स्कर्व्ही. ड, मुडदूस. मी बत्तीस वर्षं शिकवलं आहे."

"फिर तो आसान है."

"पण तो रोग पुस्तकात असतो."

हिमांशुला हसू आलं, ते त्याने खोकल्यात घातलं. मग समजावून सांगितलं. शरीर हे जीवनसत्त्व स्वतः बनवत नाही. बकरी बनवते, माणूस नाही. हिरड्या, कातडी, रक्ताच्या बारीक नळ्या ज्या धाग्यांनी जागच्या जागी राहतात, ते धागे याच्याशिवाय धड बनत नाहीत. मग नळ्या पाझरतात.

ते गुरुजींना पुस्तकापेक्षा लवकर कळलं. त्यांच्या पूर्वजांनी गावचा तलाव बांधला होता. पाळीची माती नीट मळली नाही, तर पाणी बांध फोडत नाही, आधी पाझरतं, आणि बाहेरून कोणाला दिसत नाही, हे त्यांनी आजोबांकडून ऐकलं होतं.

"आणि पाय दुखतात ते?"

"पहिला गुडघा वयाचा. बाकीचं पथ्याचं. पाय दुखले म्हणून तुम्ही आंबट सोडलं, सोडलं म्हणून आणखी दुखले, आणखी दुखले म्हणून आणखी सोडलं." हिमांशु गोळ्या लिहू लागला. "महिनाभर या घ्या. लिंबू, पेरू, कच्ची कोशिंबीर, भाजी कमी शिजवायची. घरी आवळ्याचं झाड असलं तर उत्तमच. आहे?"

"आहे," गुरुजी म्हणाले.

"छोटं?"

"मोठं."

हिमांशुने कागदावरून मान वर केली नाही. "दिवसाला दोन पुरेत. वीस खायचे नाहीत. जास्तीचं लघवीतून जातं, आणि गोळ्यांचा अतिरेक केला तर खडाही होतो. यानं गुडघा नवा होत नाही, सर्दीही थांबत नाही. फक्त तुम्ही पाझरायचे थांबाल."

घरी आल्यावर गुरुजी कुंदाबाईला म्हणाले, "नवीन पथ्य दिलं आहे. आवळा. दिवसाला दोन."

कुंदाबाई तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं. "मंग मी चार महिने काय म्हनून राहिली होती?"

"तू पथ्य म्हणाली नव्हतीस."

ती हसायला लागली ती थांबेना. पदराने डोळे पुसत तिने दोन आवळे आणून दिले. पहिला घास गुरुजींच्या हिरड्यांना असा झोंबला की डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तो पूर्ण खाल्ला. मग पाणी प्यायले, आणि पाणी गोड लागलं.

तीन दिवसांत ब्रश गुलाबी झाला, पाच दिवसांत पांढरा. सहाव्या दिवशी गुरुजी न थांबता तलावापर्यंत चालत गेले. रस्त्यात शालीकरामची टपरी होती. "शनवारी या जी," त्याने आवाज दिला. "खडू नवा आनला."

गुरुजी पाळीवर बसले आणि हिशेब लावू लागले. शनिवारी समितीसमोर चूळ भरायची, पांढरं पाणी दाखवायचं. लाल थुंकी नाही, तर नियम नाही, तर नाव नाही. आवळ्याविषयी कोणी विचारणार नव्हतं. डॉक्टरचा कागद खिशात होता, तो खिशातच राहिला असता. कागद दाखवायचा तर तो मोठ्याने वाचावा लागणार, आणि मग गाव म्हणणार, आवळीखाली बसून आवळ्याअभावी मरायला निघालेला हा आपला मुख्याध्यापक. खर्रा खाणाऱ्याला गाव माफ करतं, त्यात गावही असतं. मूर्ख ठरलेल्या मास्तरला मात्र नातवंडांपर्यंत ऐकून घ्यावं लागतं.

शनिवारी बैठक पाचला होती. चारला उदाराम घरी आला. ओसरीवर चढताना त्याने खांबाला धरलं.

"गुरुजी, चूळ भरून दाखवा, मी नाव लिवत नाई," तो म्हणाला. "पन एक विचाराचं होतं. पथ्य आनखी कडक करता येते काय?"

"का?"

"पाय लईच दुखून राहिले जी. मी दोडकाबी सोडला. भात अन् मीठ खाऊन राहिलो." त्याने ओठ ओढून दाखवला. हिरडी जांभळी होती, आणि पुढचा एक दात जिभेच्या टोकाने हलत होता. "काल धान कापताना चक्कर आली. म्हटलं, आपलंच कुठं चुकत असन. कलम कोनतं सुटलं काय?"

गुरुजींनी त्याचे पाय पाहिले. डाग ओळखीचे होते.

"उदाराम, जीवनसत्त्व क च्या अभावी काय होतं?"

उदाराम अठ्ठेचाळीस वर्षांचा होता, तरी सरळ उभा राहिला. "मुडदूस?"

सदतीस वर्षांपूर्वीही त्याने हेच उत्तर दिलं होतं, आणि गुरुजींनी त्याला बाकावर उभं केलं होतं.

"बस," गुरुजी म्हणाले. "चूक तुझी नाही." मग आत वळून म्हणाले, "कुंदा, याला आवळा दे. आणि उद्या सकाळच्या गाडीने याला गोंदियाला न्यायचं आहे."

पाच वाजता फलकासमोर साठ-सत्तर माणसं होती. एरवी बैठकीला सात येत. गुरुजींनी तांब्या मागितला नाही, खडू मागितला. आपलं नाव त्यांनी स्वतः लिहिलं, मात्रा-वेलांटीसह, शाळेतल्यासारखं. मग शेजारी एक उभी रेघ ओढली, वर लिहिलं 'कारण', आणि नावासमोर लिहिलं: 'आंबट न खाल्ल्याने हिरड्यांतून रक्त. जीवनसत्त्व क चा अभाव.' डॉक्टरचा कागद वाचला. पथ्याच्या अकराही प्रती परत मागवल्या, आणि ते पथ्य चुकीचं होतं, असं दोनदा सांगितलं.

गाव हसलं, पण अपेक्षेपेक्षा कमी हसलं. लोक विचारात पडले होते.

"म्हनजे गुरुजी," शालीकरामने सावकाश विचारलं, "थुंकी लाल आली, तरी खर्राच खाल्ला असं नाई?"

"नाही."

"आवळ्याच्या कमीनंबी येते."

"येते. म्हणूनच मी—"

"नाई, तेवढंच विचाराचं होतं."

उदारामचा दात वाचला. पंधरवड्यात तो पुन्हा बांधावर दिसू लागला, आणि गुरुजींची दुसरी तपासणीही निर्धोक निघाली. बाकीच्या दहाही प्रती परत आल्या. परत करणाऱ्यांपैकी दोघांनी त्या पहिल्यांदाच वाचल्या, आणि आंबट सोडायचं होतं हे त्यांना तेव्हाच कळलं.

फलकावर मात्र गर्दी झाली. पूर्वी महिन्याला जेमतेम एखादं नाव लागे, आता दोन आठवड्यांत एकोणीस लागली. पकडलेला माणूस पूर्वी मान खाली घाली. आता तो छाती पुढे काढून सांगे, "व्हिटॅमिन सी कमी हाय जी. लिवा." रकाना होता, म्हणून उदारामला लिहावं लागे. एकोणीस नावांसमोर एकोणीस वेळा एकच कारण होतं. त्यांतल्या कोणाचीही हिरडी सुजलेली नव्हती. गुरुजींनी बॅटरी लावून पाहिलं होतं. शालीकरामने टपरीवर आवळा-सुपारीच्या पुड्यांची माळ टांगली. खर्रा घेणाऱ्याला तो एक पुडी फुकट देई. "औषद संगं ठेवा," म्हणे.

समितीच्या बैठकीत गुरुजींनी नियमांची वही उघडली. तिसरा नियम त्यांच्याच अक्षरात होता. उदाराम म्हणाला, "सबब ऐकाची नाई त सगळ्यांचीच ऐकाची नाई गुरुजी. पन तुमची खरी हाय. तुमचं कारन तेवढं ठेवू."

"सगळे तेच म्हणतील."

"तुमचे अजून पंधरा दिवस बाकी हायत. नुसतं नाव राहिलं त परगावचा मानूस काय समजन?"

गुरुजी उठले. ओलं फडकं घेतलं आणि फलकाजवळ गेले. उभी रेघ पुसली, 'कारण' पुसलं, मग खालून वर एकेक कारण पुसत आले. अठरा झाली, एकोणीस झाली. सगळ्यात वर त्यांचं होतं, सगळ्यात सुवाच्य. तेही पुसलं. काळ्या फलकावर वीस नावं राहिली, पहिलं गोपीचंद गुरुजींचं.

साकोलीकडून आलेली बस थांब्यावर उभी होती. खिडकीतल्या एका माणसाने फलक वरून वाचायला सुरुवात केली, पहिल्या नावाशीच थांबला, आणि शेजाऱ्याला कोपराने ढोसलं.

टपरीतून शालीकरामने एक आवळा-सुपारीची पुडी पुढे केली. "घ्या जी गुरुजी. आता तुमीबी आपल्यातले."

गुरुजींनी खिशातून घरचा आवळा काढला, फलकाकडे पाठ केली, आणि चावला. दिवसातला दुसरा होता. तिसरा पथ्यात बसत नव्हता.